वाटेत भेटलेला मेंढपाळ

माझ्या ब्लॉगवर वाचकांचा सगळ्यात लाडका माणूस माझा बाप होता, आणि तो माझा बाप आहे हे एकाही वाचकाला ठाऊक नव्हतं. मीच ते ठाऊक होऊ दिलं नव्हतं. एवढं एक वाक्य लिहायला मला कितीतरी वर्षं लागली, तेव्हा आता लपवाछपवी न करता सगळं सांगून टाकतो.

मोबाईलवर अजून मराठी धड उमटत नव्हतं त्या काळातली ही गोष्ट. बिदरजवळच्या कमठाण्याहून शिकून बाहेर पडलेला मी पुण्यात एका कंपनीत नोकरीला होतो. ऑफिसात ज्याला त्याला ब्लॉगचं वेड लागलं होतं. कुणी किल्ल्यांवर लिहायचं, कुणी आजोळच्या आमराईवर, कुणी उकडीच्या मोदकांवर. मी बिदरचा म्हटलं की समोरचा हमखास विचारायचा, "म्हणजे कर्नाटकात ना? मग मराठी इतकं चांगलं कसं बोलता?" बरेच दिवस मी हसून उत्तर देत राहिलो. एकदा मात्र डोकं फिरलं आणि त्याच रविवारी दुपारी मी ब्लॉग उघडला. ज्याचा उगम रागात आहे ते काम चांगलं होत नाही असं नाही, माझं सुरुवातीला बरंच चांगलं चाललं होतं.

आमच्या भागातल्या लहान गावांत जे जुनं उरलंय त्यावर लिहायचं आणि तिथल्या माणसांच्या नादांवर लिहायचं, असं ठरवलं होतं. आमच्याकडं छंद कुणाला नसतो, नाद असतो. बिदरच्या जुन्या शहरात कबुतरं उडवणारे होते. संक्रांतीच्या आधी महिनाभर काच कुटून मांजा करणारे होते. हुमनाबादच्या ढाब्यामागं लॉरीच्या पाठीवर मोर आणि कमळं रंगवणारा एक पेंटर होता, तो मोराला नेहमी एक पीस जास्त काढायचा आणि विचारलं की चिडायचा. नौबादला एक निवृत्त मास्तर कुणाचेही बंद पडलेले रेडिओ हौसेनं दुरुस्त करून द्यायचे. या सगळ्यांवर लिहिताना मजा आली. चार-दोन लोक वाचायचे आणि खाली "छान" लिहून जायचे.

मग माझ्याजवळचं संपलं. मी वर्षातून दोनदा गावी जाणार, तेही दोन दिवस, तर लिहायला आणणार कुठून? म्हणून मी दर शनिवारी संध्याकाळी अप्पांना फोन करायला लागलो. त्याआधी माझा फोन पंधरा-पंधरा दिवस होत नसे. अप्पांना वाटलं, लेकाला आपली आठवण यायला लागली. शनिवारी ते हातपाय धुऊन फोनजवळ येऊन बसतात, असं माय सांगायची. मी तिकडून वही उघडून बसलेला असायचो.

आमचं घराणं मेंढरं राखणारं. अप्पा आठव्या वर्षापासून मेंढरांमागं हिंडले, कमठाण्यापासून मांजरेच्या काठापर्यंतचा सगळा माळ त्यांच्या पायाखालचा. मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा त्यांनी मेंढरं विकली आणि ते हुमनाबादला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहिले. खाकी शर्ट त्यांना कधी शोभला नाही. खिशात शिट्टी आणि हातात लाकडी चाती, असे ते गेटवर उभ्या उभ्या लोकर कातायचे. आत जाणारे साहेब लोक गाडीची काच खाली करून बघायचे. वय झाल्यावर ते गावी परतले, मेंढरं काही परत आली नाहीत.

नौबादच्या पलीकडं माळावर खडकात खोदलेली तोंडं आहेत, एकामागं एक, ओळीनं. जमिनीखालून जुन्या काळी पाणी न्यायची वाट खोदलेली आहे, तिला हवा आणि उजेड मिळावा म्हणून ही तोंडं. त्या वेळी ती काट्याकुट्यात बुजलेली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पडके आड वाटायची. मेंढरं राखणाऱ्याला मात्र एकेक तोंड पाठ असायचं, कारण मेंढरू त्यात पडलं की बहुतेक गेलंच. म्हणून राखणारे तोंडांवर बाभळीच्या फांद्या टाकून ठेवायचे आणि ज्या तोंडात जी मेंढी पडली तिचं नाव त्या तोंडाला द्यायचे. आमच्या अप्पांच्या हिशेबानं एक बांडीचं तोंड होतं, एक लांबकानीचं, एक मोरीचं. मोरी पडली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. अप्पा कमरेला दोर बांधून आत उतरले होते आणि मी काठावर पालथा पडून त्यांना हाका मारत होतो. मोरी वाचली नाही. वर आल्यावर अप्पा तिच्याजवळ बसून राहिले होते.

हे सगळं मी ब्लॉगवर लिहिलं. पहिल्या खर्ड्यात "माझे वडील" असंच होतं. ते दोनदा वाचून बघितलं आणि मला अवघडल्यासारखं झालं. ऑफिसातले लोक ब्लॉग वाचत होते. वडील काय करतात असं कुणी विचारलं की मी "शेती" म्हणून मोकळा व्हायचो. आता हे सगळे वाचणार की याचा बाप मेंढरं राखायचा आणि नंतर गेटवर उभा राहायचा. मग मी ते काढलं आणि लिहिलं, "वाटेत एक म्हातारा मेंढपाळ भेटला. खांद्यावर घोंगडी, डोळ्यांत माळावरचं ऊन." डोळ्यांत माळावरचं ऊन! अप्पांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनला कधी येतोस म्हणून ते मला फोनवर विचारत होते.

लेखावर प्रतिक्रियांचा पाऊस पडला. तोंडांपेक्षा लोकांना मेंढपाळच आवडला. "पुन्हा भेटले तर आमचा नमस्कार सांगा," असं लोक लिहायला लागले. मला चटक लागली. पुढं दर दोन-तीन लेखांनी मला तो वाटेत भेटायला लागला, कधी विहिरीवर, कधी एखाद्या पडक्या कमानीखाली. पुण्यात बसलेल्या माणसाला बिदरचा मेंढपाळ इतक्या वेळा कसा भेटतो, हे कुणी विचारलं नाही. त्याचं बोलणं मी थोडं धुऊन घ्यायचो. मधले कन्नड शब्द काढायचो, दख्खनी काढायचो आणि त्या जागी माती, आभाळ वगैरे घालायचो. तोंडांची नावंही मी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली करून टाकली. एका इंजिनिअर वाचकानं त्यावर लांबलचक अंदाज बांधला, की लांबकानी ही कोणी जुनी ग्रामदेवता असावी. मी खाली "विचार करण्यासारखं आहे" असं लिहिलं. लांबकानी आमच्या दारात बांधलेली असायची आणि मायच्या लुगड्याचा पदर चघळायची.

सगळ्यात मनापासून लिहायची ती पुण्याचीच एक निवृत्त शिक्षिका. ती मेंढपाळाला आजोबा म्हणायची. थंडी पडली की लिहायची, आजोबांना माळावर गारठा लागत असेल. शेवटी तिनंच टूम काढली की आपण वाचक मिळून एक मिनीबस करू आणि आजोबांना भेटायला जाऊ. बघता बघता बारा जण तयार झाले. तेव्हाच मला म्हणता आलं असतं की, अहो, ते माझे वडील आहेत, घरीच चला. दोन ओळींचं काम होतं. मी "नक्की जाऊ" असं लिहिलं आणि अप्पांना फोन लावला, तोही शनिवार नसताना. अप्पा आधी घाबरलेच.

"पुन्याहून मानसं यायलेत अप्पा. ती भुयाराची तोंडं बगायला."

"येऊ दे की. किती जन हायत? मायला सांगतो जेवनाचं."

"घरी न्हाई यायचे. त्यांला त्या मेंढपाळाला भेटायचंय."

"कोन मेंढपाळ?"

मग मला सांगावं लागलं. मी काय लिहिलंय, कसं लिहिलंय, सगळं.

"मंग मी तुजा कोन लागतो मनून सांगू?"

"कोनीच न्हाई. वळख दाखवायची न्हाई, बास. मी इचारतो तेवढंच सांगायचं."

"कामून?"

"आता लिहून बसलोय अप्पा. खोटा पडलो तर लोक तोंडात शेन घालतील माज्या."

"बरं," अप्पा म्हणाले. मला वाटलं आता फोन ठेवतील. पण ते काळजीत पडले होते. "पन मेंढपाळ मनलं की मेंढरं पायजेत का न्हाई रे? मी आता कुटून आनू?"

त्यांनी आणली. चुलत्याची मेंढरं एका दिवसासाठी मागून घेतली आणि चुलत्याला सांगितलं की तू त्या दिवशी माळाकडं फिरकू नको. हे मला मायनं नंतर सांगितलं.

पुढचं कळायला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. घोंगडी आमच्यात नुसतं अंथरूण नाही. देवाचं कार्य असलं की देव घोंगडीवर मांडतात, भांडण मिटवायला पंच बसतात ते घोंगडीवर, आणि घोंगडीवर बसलेला माणूस खोटं बोलत नाही. बोललाच तर त्याच्या घरात मेंढरू टिकत नाही, असं मानतात. लहानपणी मी काही चोरून खाल्लं की माय मारायची नाही, घोंगडी अंथरायची आणि म्हणायची, बस हिच्यावर आणि सांग. यावर एक झकास लेख होईल म्हणून मी ही रीत राखून ठेवली होती. ब्लॉगवर तोवर तिचा उल्लेखही केला नव्हता.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही पोचलो. हुमनाबादला चहा झाला, तिथून नौबाद, तिथून माळ. दुरूनच मेंढरं दिसली आणि बसमध्ये गलका झाला. अप्पा धोतर, बंडी आणि लाल पटका बांधून उभे होते. पटका ठेवणीतला होता, लग्नकार्यातला. खांद्यावर काळी घोंगडी. सुरुवातीला चुलत्याची मेंढरं त्यांना जुमानत नव्हती, ते हुर्रऽ करायचे आणि ती भलतीकडं जायची. तासाभरानं मात्र ती त्यांच्या मागं मागं यायला लागली. आम्ही फोटो काढत होतो आणि अप्पा आमच्याकडं बघतही नव्हते, एका मेंढीच्या खुरात रुतलेला काटा काढत बसले होते. मेंढरं विकल्यापासून मी त्यांचा तसा चेहरा पाहिला नव्हता. तो माझ्यामुळं परत दिसला असं मनात येऊन मला बरंसुद्धा वाटलं. इतका मी निर्लज्ज झालो होतो.

"रामराम साहेब," त्यांनी मला हात जोडले. मीही जोडले.

तोंडं बघून झाली, फांद्या बाजूला करून आत वाकून झालं. मग अप्पांनी लिंबाखाली घोंगडी अंथरली, चारी कोपरे ओढून सरळ केले आणि पाहुण्यांना बसा म्हणाले. सगळे दाटीवाटीनं बसले, मीही एका कडेला टेकलो. अप्पा घोंगडीला वळसा घालून पलीकडं गेले आणि खाली मातीत बसले.

"आजोबा, तुम्ही वर बसा ना. आम्ही सरकतो," शिक्षिकाबाई म्हणाल्या.

"बसा बसा तुमी. मला हितंच बरंय."

पाहुण्यांना ती नम्रता वाटली. मला मात्र कळलं होतं की अप्पांनी आज खोटं बोलायचं ठरवलंय आणि म्हणून ते घोंगडीवर बसणार नाहीत. मी कसलाही विचार न करता वर जाऊन बसलो होतो. उठावंसं वाटलं, पण उठलो असतो तर का उठलास म्हणून कुणीतरी विचारलं असतं.

इंजिनिअर वाचकानं डायरी काढली. "आजोबा, ही तोंडांची नावं किती जुनी असतील?"

अप्पांनी एकदा माझ्याकडं बघितलं. "लई जुनी हायत," ते म्हणाले. "आमच्या बापजाद्यापासनं." बोलताना ते बोटानं मातीत रेघा ओढत होते. त्या इंजिनिअरनं सगळं लिहून घेतलं.

मग अप्पांनी फडकं सोडलं. आत भाकरी होत्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा. माय पहाटेपासून चुलीपुढं बसली असणार. चटणीची एक पुडी वेगळी बांधलेली होती, ती अप्पांनी सरळ माझ्यापुढं ठेवली. मला लहानपणापासून तिखट सोसत नाही. शिक्षिकाबाईंनी ते बघितलं आणि हसून म्हणाल्या, "यांना वेगळी का हो?"

"शहरातली मानसं," अप्पा चाचरले. "तिखट कमी खातेत मनून एक पुडी तशी बांदलीय. कुनीबी घ्या." मग ती पुडी सगळ्यांत फिरली. मायनं माझ्यासाठी केलेली चटणी माझ्यापर्यंत आली तेव्हा संपली होती.

खाताना बाईंनी विचारलं, "मुलंबाळं किती तुम्हाला?"

"एक लेक हाय."

"काय करतो?"

"पुन्याला हाय, कंपनीत. लई शिकला." हे सांगताना अप्पांचा आवाज जरा उंच झाला. त्या दिवशी ते जेवढं बोलले त्यात हेच तेवढं खरं होतं.

"अरे, पुण्यालाच? कुठं राहतो? आम्ही भेटू की त्याला."

अप्पा गडबडले. "पत्ता मला कुटं ठावं बाई."

"पत्तासुद्धा दिला नाही तुम्हाला?" बाईंचा घास हातातच राहिला. "येतो तरी का भेटायला?"

"येतो की. कामाचा मानूस हाय. सवड झाली की येतो."

एवढं बोलून अप्पा खाली बघत राहिले. कुणीतरी चुकचुकलं. कुणीतरी म्हणालं, बाप या वयात उन्हात हिंडतोय आणि हे तिकडं एसीत बसलेत. बाईंचे डोळे भरून आले होते. त्या माझ्याकडं वळल्या, कारण मी त्यांना भला माणूस वाटत होतो. "बघा हो. शिकून मोठी होतात आणि आईबापांना विसरतात. लाज कशी वाटत नाही यांना?"

"हो ना," मी म्हणालो.

हे दोन शब्द मी अप्पांसमोर, त्यांच्यापासून दोन हातांवर, त्यांच्याच घोंगडीवर बसून म्हणालो. अप्पांनी मान वर केली नाही.

निघताना मी सगळ्यांना बसमध्ये बसवलं आणि कॅमेऱ्याचं झाकण विसरलं म्हणून लिंबाखाली परत गेलो. अप्पा घोंगडी झटकत होते. बसकडं पाठ करून त्यांनी हळूच विचारलं, "नीट झालं का रे? कुटं चुकलो न्हाई ना?"

"न्हाई अप्पा. लई चांगलं झालं."

"घराकडं येत न्हाईस? माय वाट बगायलीय."

"बस थांबलीय अप्पा."

"जा मंग जा. लोक खोळंबलेत," ते म्हणाले आणि मेंढरं वळवायला गेले. कमठाणा तिथून हाकेच्या अंतरावर नसलं तरी बसनं अर्धा तास लागला नसता.

पुण्याला येऊन मी लेख लिहिला. लिहिला म्हणजे चांगला लिहिला, हे माझं दुर्दैव. आजोबा आम्हाला घोंगडीवर बसवून स्वतः मातीत कसे बसले, हे मी शेवटी घातलं, आणि मातीशी त्यांचं नातं वगैरे. का बसले ते मला माहीत असून मी ते लिहिलं. फोटो टाकला. माझ्या ब्लॉगवर त्या लेखाइतकं काहीच वाचलं गेलं नाही. खाली निम्म्या प्रतिक्रिया आजोबांच्या साधेपणावर होत्या आणि निम्म्या त्यांच्या कृतघ्न मुलावर. एकानं तर पुण्यातल्या कंपन्यांत त्याचा शोध घ्यायचं सुचवलं होतं. मी एकही प्रतिक्रिया काढून टाकली नाही. प्रत्येक वाचली.

त्यानंतर लिहिणं अडखळायला लागलं. घोंगडीच्या रीतीवरचा लेख तर आता लिहिताच येणार नव्हता, तो वाचला असता तर शहाण्या माणसाला सगळं कळलं असतं. शनिवारचा फोन मी चालू ठेवला, पण वही उघडेना. नुसतं काय बोलायचं हे मला सुचायचं नाही आणि अप्पाच मला आठवून आठवून जुन्या गोष्टी सांगायचे, लेकाला लागतील म्हणून.

गावी गेलो की ओट्यावर नेहमीसारखी घोंगडी अंथरलेली असायची. मी तिच्याशेजारी फरशीवर बसायचो. मायच्या ते लगेच ध्यानात आलं. "घोंगडी टोचायलीय व्हय रे आता? पुन्याचं पानी लागलं." मी हसून घालवायचो. दुसऱ्या खेपेला तिनं वर चादर घालून दिली, तरी मी खालीच. अप्पा बघायचे आणि चाती फिरवत राहायचे.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला, दुपारी माय शेजारी गेलेली असताना, अप्पांनी वरची चादर काढून टाकली. स्वतः एका टोकाला बसले आणि म्हणाले, "बस वर."

मी बसलो. न बसण्याचं कारण सांगायला तोंड नव्हतं.

"ती बाई अजून लिहिती का?"

"लिहिती."

"काय मनती?"

घोंगडीवर होतो. "आजोबा कसे हायत मनती. त्यांचा लेक आलता का मनून इचारती. दर दोन-तीन महिन्याला इचारती."

"मंग तू काय सांगतोस?"

"काईच न्हाई सांगत."

अप्पांनी लोकरीचा तुकडा सोडवून चातीला लावला. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी बोलावं असं वाटत होतं. एकदा आईमाईवरून शिव्या घालाव्या आणि संपवावं. ते म्हणाले, "सांग की मंग. येतो मनून सांग. मला कोन काय मनलं त्याचं काई न्हाई. पन त्या दिवशी समद्यांनी माज्या लेकाला नावं ठेवली आन मी ऐकून घेतलं. मातीत बसलोतो, काय बोलनार? घोंगडीवर असतो तर बोललो असतो."

इतके दिवस मी समजत होतो की मी त्यांना बाप म्हणालो नाही याचं त्यांना दुःख आहे. त्यांना लागलं होतं ते वेगळंच. त्यांच्या लेकाबद्दल बारा परकी माणसं वाईट बोलली आणि त्यांना त्याची बाजू घेता आली नाही, हे ते दोन वर्षं मनात धरून बसले होते. मी घोंगडीच्या काठाचे धागे ओढत राहिलो.

"सांगतो अप्पा," मी म्हणालो. "खरं काय ते सांगतो."

"तेवढं कर," ते म्हणाले.

पुण्याला आल्या आल्या मी ब्लॉग उघडला. बाईंच्या शेवटच्या प्रतिक्रियेखाली उत्तराचा चौकोन उघडला आणि दोनदा लिहून खोडलं. शेवटी एवढंच लिहिलं: "आजोबांचा मुलगा येतो. त्याला नावं ठेवू नका, असं आजोबांनी सांगायला सांगितलंय." पाठवलं. अप्पांनी सांगितलेलं केलं, असं स्वतःला समजावलं. घोंगडीवर बसून जे कबूल केलं होतं ते बाजूलाच राहिलं.

दुसऱ्याच दिवशी बाईंचं उत्तर आलं. "किती बरं वाटलं म्हणून सांगू! म्हणजे तुम्हाला तो भेटला का? कसा माणूस आहे हो?"

त्यानंतर मी ब्लॉगवर काही लिहिलं नाही. बाईंचा प्रश्न अजून तिथं आहे आणि त्याखाली उत्तर नाही.